काँग्रॅट्स, एचबीडी, आरआयपी : इंग्रजी शुभेच्छांची लघुरूपं कुठे चालतात, कुठे खटकतात?

निळी_शाई

मी इंग्रजी संभाषण आणि पत्रव्यवहार शिकवते. वर्गात व्याकरणाच्या शंका येतात त्याहून जास्त वेळा हे प्रश्न येतात : वरिष्ठांना 'काँग्रॅट्स' लिहिलेलं चालतं का? नुसतं 'एचबीडी' (हॅपी बर्थडे) उद्धट दिसतं का? कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर 'आरआयपी' (रेस्ट इन पीस) लिहावं का? नेटवर शोधायला गेलं की नुसत्या याद्या हाती लागतात, या अक्षरांचा हा अर्थ आणि त्या अक्षरांचा तो. अर्थ समजला म्हणून वापर समजतोच असं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मला दिसणारा एक ढोबळ फरक आधी मांडते. या लघुरूपांच्या दोन जाती आहेत. पहिलीत मूळ शब्द छाटून एक आटोपशीर शब्द उरतो : काँग्रॅच्युलेशन्सचं काँग्रॅट्स, गुडबायचं बाय, गुड मॉर्निंगचं नुसतं मॉर्निंग, गुड डेचं ऑस्ट्रेलियन लोकांनी केलेलं गडाय. दुसरीत फक्त आद्याक्षरं उरतात : एचबीडी, एचएनवाय (हॅपी न्यू इयर), जीएन (गुड नाइट), टीसी (टेक केअर), जीडब्ल्यूएस (गेट वेल सून), एटीबी (ऑल द बेस्ट). पहिल्या जातीचे शब्द तोंडाने बोलले जातात. दुसऱ्या जातीतले बहुतेक बोटांपुरतेच राहतात. समोर उभ्या असलेल्या माणसाचा हात हातात घेऊन कुणी 'एचबीडी' म्हणत नाही.

माझं मत असं, की जे समोरासमोर सहज म्हणता येतं ते लिहिलेलंही बहुतेक ठिकाणी शोभतं. काँग्रॅट्स हा काही मोबाइलने जन्माला घातलेला शब्द नाही, तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत आहे. अनौपचारिक आहे, पण उथळ नाही.

आणि गुडबाय तर स्वतःच एक झिजलेली शुभेच्छा आहे. मूळ वाक्य 'गॉड बी विथ ये', देव तुमच्या पाठीशी असो. बोलता बोलता ते आखडत गेलं आणि गुड डे, गुड नाइटच्या संगतीने गॉडचं गुड झालं. गेब्रिएल हार्वी या इंग्रज लेखकाच्या १५७०च्या दशकातल्या पत्रात एक फार गोड वाक्य आहे : तुझ्या गॅलनभर 'गॉडब्वाय'च्या बदल्यात मी तुला अर्धा गॅलन 'हाउडी' परत पाठवतो. हाउडी म्हणजे 'हाउ डू ये', कसे आहात. साडेचारशे वर्षांपूर्वी दोन्ही शुभेच्छा आखडलेल्या होत्या आणि लिहिणारा त्या मापाने मोजून परत करत होता! त्यामुळे 'हल्लीच्या पिढीने इंग्रजीची वाट लावली' हे म्हणणं मला पटत नाही.

तुमचे अनुभव लिहा. कुठलं लघुरूप तुम्हाला आवडतं, कुठलं खटकतं आणि का?

वाचनवेल्हाळ

सुंदर विषय. वाचतेय.

रोखठोक

मला एचबीडी अजिबात आवडत नाही, स्पष्टच सांगतो. वर्षातून एकदा येणारा दिवस, आणि त्यासाठी तीन अक्षरं? माणसाची आठवण झाली म्हणून लिहितोय की ग्रुपवर बाकीच्यांनी लिहिलं म्हणून हजेरी लावतोय, हे एचबीडी वाचून कळतच नाही. एकाने लिहिलं की खाली रांग लागते, एचबीडी, एचबीडी, एचबीडी. त्या रांगेत मी आजवर उभा राहिलो नाही. लिहायचं तर पूर्ण लिहावं, नाहीतर राहू द्यावं.

काँग्रॅट्सबद्दल मात्र धागाकर्तीशी सहमत.

कीपॅडकाळ

रोखठोक, तुमचा मुद्दा आजच्या फोनसाठी बरोबर आहे. पण ही अक्षरं ज्या काळात रुळली तो काळ आठवून बघा. आकड्यांच्या बटणांवर अक्षरं असायची, एका बटणावर तीन-चार. 'हॅपी बर्थडे' हे इंग्रजीत टाइप करायला एच म्हणजे ४ चं बटण दोनदा, ए म्हणजे २ चं एकदा, दोन्ही पींसाठी ७ एकेकदा, वाय म्हणजे ९ तीनदा... असं करत स्पेस धरून एकूण २५ वेळा बटण दाबावं लागायचं. शिवाय एच आणि आय एकाच बटणावर, पी आणि आर एकाच बटणावर, त्यामुळे एकदा जास्त दाबलं गेलं की पुन्हा फेरी. एचबीडीला मात्र ५ दाब पुरायचे. वीस जणांना शुभेच्छा पाठवायच्या असतील तर हा फरक अंगठ्याला चांगलाच जाणवायचा.

आणि जागा! एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं. देवनागरीसारख्या लिपीत लिहायला गेलं तर तीच मर्यादा ७० वर यायची, कारण तेवढ्याच १४० बाइटमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला दोन बाइट लागायचे. वेलांटी, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जायचं. मर्यादा ओलांडली की दुसऱ्या मेसेजचा हिशेब सुरू. त्या अडचणीतही लोक शुभेच्छा द्यायचे थांबले नाहीत, त्यांनी शब्द आखडले. मला त्यात आळसापेक्षा हौसच जास्त दिसते.

गंमत म्हणजे जगातला पहिला एसएमएस शुभेच्छेचाच होता, आणि तो पूर्ण लिहिलेला होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना 'मेरी ख्रिसमस' पाठवलं. पाठवलं ते संगणकावरून, कारण तेव्हाच्या हँडसेटवरून मेसेज लिहिण्याची सोयच नव्हती. पुढे अंगठ्याने टाइप करायची वेळ आली आणि मग कात्री चालू झाली.

रोखठोक

२५ आणि ५ चा हिशेब पटला. तेव्हाचं एचबीडी मी मान्य करतो. पण आता फोन पहिल्या दोन अक्षरांवरून पूर्ण शब्द सुचवतो. अडचण गेली, सवय उरली. माझी तक्रार त्या सवयीबद्दल आहे.

लघुलहरी

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. आमच्याकडे शुभेच्छांची लघुरूपं एसएमएसच्या कितीतरी आधीपासून आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मोर्स कीवर, म्हणजे लांब-आखूड आवाजांचे संकेत पाठवायच्या खटक्यावर, गप्पा संपवताना आम्ही ७३ पाठवतो. अर्थ 'बेस्ट रिगार्ड्स'. हा आकडा तारयंत्राच्या काळातला. १८५९ साली वेस्टर्न युनियन या अमेरिकन तार कंपनीने नेहमीच्या वाक्यांसाठी १ ते ९२ आकड्यांची एक यादी ठरवली होती. तारेच्या लाइनवर वेळ म्हणजे पैसा, म्हणून ठरावीक वाक्यांना आकडे. त्यातला ३० म्हणजे 'मजकूर संपला'. ७३ चा तेव्हाचा अर्थ 'माझा नमस्कार स्वीकारा' असा होता, पुढे तो बेस्ट रिगार्ड्सवर स्थिरावला. यादीतले बहुतेक आकडे विस्मरणात गेले, तारा गेल्या, पण ७३ आजही रोज जगभर हवेत असतो. प्रेमाच्या माणसांसाठी ८८ आहे, 'लव्ह अँड किसेस'.

७३ का टिकला याचं माझं उत्तर त्याच्या नादात आहे. मोर्समध्ये ७ म्हणजे दोन लांब, तीन आखूड. ३ म्हणजे तीन आखूड, दोन लांब. डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डिट-डा-डा. पुढून वाचा की मागून, तेच. हाताला त्याची लय इतकी बसलेली असते की समोरच्याची ७३ ऐकून ओळखीचा माणूस कोण ते कळतं. हा आवाज म्हणजे त्याचा हस्ताक्षरासारखा 'फिस्ट'. इथे लघुरूप यांत्रिक वाटत नाही, कारण ते प्रत्येकाच्या हातून वेगळं येतं.

एक आग्रह मात्र आम्ही जुने लोक धरतो. '७३ज' किंवा 'बेस्ट ७३' म्हणू नये. रिगार्ड्समध्ये अनेकवचन आलं, बेस्टही आलं, वर आणखी कशाला जोडायचं? नवीन मुलं म्हणतात, आम्ही दुरुस्त करतो, ती पुन्हा म्हणतात.

आमच्याकडे जीएम म्हणजे गुड मॉर्निंग, जीई म्हणजे गुड इव्हनिंग, जीएल म्हणजे गुड लक. 'सीयूएजीएन' म्हणजे 'सी यू अगेन'. हे सगळं तुमच्या मोबाइलच्या भाषेत आलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही, आपलीच मुलं घरी आल्यासारखं वाटलं.

निळी_शाई

लघुलहरी, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सार्थक. ठरावीक अक्षरांतूनही माणूस ओळखू येतो हे मला नवीन आहे.

जुनी_लिपी

रोखठोक यांच्या 'पूर्ण लिहावं नाहीतर राहू द्यावं' यावर लिहायचं होतं.

रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला एक ठरलेली शुभेच्छा लिहायचे : तू खुशाल असशील तर उत्तम, मी खुशाल आहे. लॅटिनमध्ये 'सी वालेस, बेने एस्त, एगो वालेओ'. ती इतकी ठरलेली होती की त्यातली नुसती आद्याक्षरं लिहिली जात, एस, व्ही, बी, ई, ई, व्ही. सिसेरोच्या पत्रसंग्रहात ही अक्षरं सापडतात. म्हणजे लॅटिन गद्याचा सर्वांत मोठा शैलीकार ज्या पत्रव्यवहारात वावरत होता, तिथे खुशाली विचारायला सहा अक्षरं पुरत होती. पत्र वाचणाऱ्याला त्यात अपमान वाटत नव्हता, कारण त्या सहा अक्षरांनंतर पत्र सुरू व्हायचं. मनातलं सगळं त्या पुढच्या मजकुरात असायचं.

थडग्यांवरही तेच. 'सित तिबी तेर्रा लेविस', तुझ्या अंगावरची माती हलकी असो, याची एस, टी, टी, एल ही चार अक्षरं रोमन शिलालेखांवर जागोजागी आहेत. दगडात अक्षर कोरणं किती कष्टाचं काम, तरी ही चार अक्षरं न चुकता कोरली जात.

आरआयपी त्याच परंपरेतलं. मूळ लॅटिन 'रेक्विएस्कात इन पाके', त्याला शांती लाभो. इंग्रजीत 'रेस्ट इन पीस' म्हटलं तरी अक्षरं तीच येतात, म्हणून ते भाषा बदलूनही शाबूत राहिलं.

अवांतर : 'एक्समस' लिहिण्यात ख्रिस्ताचं नाव गाळलं जातं अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. त्यातलं एक्स हे ग्रीक अक्षर 'खी' आहे, ख्रिस्तोस या नावाचं पहिलं अक्षर. नाव गाळलेलं नाही, आखडलेलं आहे, आणि तेही शेकडो वर्षांपासून.

वाचनवेल्हाळ

हे वाचून आपल्या पत्रांतलं 'सा. न. वि. वि.' आठवलं. पुढचं पत्र दोन पानी असायचं.

सायंतारा

आरआयपीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. त्या ग्रुपवर बाबांच्या फोनवरून मीच बघत होते. खाली ओळीने आरआयपी, आरआयपी, हात जोडलेली चित्रं, पुन्हा आरआयपी. कुणाचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. पण मी ते वाचत होते आणि त्यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. सगळे बाबांशी बोलत होते, आणि बाबा तर वाचायला नव्हते.

मधेच एकांचा इंग्रजीतला मेसेज आला, दोनच ओळींचा. पहिली ओळ नेहमीचीच, 'सो सॉरी फॉर युअर लॉस'. दुसरी अशी, की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून हिशेबात गोंधळ झाला होता, तेव्हा तुमच्या वडिलांनी संध्याकाळी माझ्याजवळ बसून तो एकेक नोंद करून सोडवला, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाही सांगितलं नाही. मी त्यांना ओळखतही नव्हते. त्यांचं नाव मी त्या दिवशी लिहून ठेवलं.

तेव्हापासून मी कुणालाही आरआयपी लिहीत नाही.

निळी_शाई

सायंतारा, हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आरआयपी ही गेलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना आहे, ती थडग्यावर शोभते. मागे राहिलेल्याला उद्देशून त्यात एक अक्षर नाही. शिवाय इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी हल्ली फोन पडून फुटला तरी 'आरआयपी माय फोन' म्हणतात, त्यामुळे त्या अक्षरांचं वजन आणखी कमी झालंय. मी वर्गात स्पष्ट सांगते, शोकाच्या प्रसंगी कुठलंही लघुरूप नको. 'कन्डोलन्सेस' हा एकच शब्दही कोरडा पडतो. 'आय अ‍ॅम सो सॉरी' पुरेसं आहे, चार साधे शब्द. गेलेल्या माणसाची एखादी आठवण असेल तर ती लिहावी, नसेल तर ओढूनताणून आणू नये.

तीच गोष्ट जीडब्ल्यूएसची, म्हणजे 'गेट वेल सून'. सर्दी-ताप, मोडलेला हात, छोटी शस्त्रक्रिया, इथे ठीक. पण आजार वर्षानुवर्षांचा असेल किंवा बरा होणारा नसेल, तर 'लवकर बरे व्हा' हे वाक्यच त्या माणसाला टोचतं, मग आखडलेलं असो की पूर्ण. तिथे 'थिंकिंग ऑफ यू' म्हणावं.

कीपॅडकाळ

सहमत. आणि लघुरूपाने होणारा घोटाळाही लक्षात घ्या. एलओएलचा अर्थ 'लॉट्स ऑफ लव्ह' असाही पूर्वी घेतला जायचा. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन आपल्या मेसेजखाली त्या अर्थाने एलओएल लिहायचे, आणि ते 'लाफ आउट लाउड' असल्याचं त्यांना सांगावं लागलं, अशी साक्ष माजी वृत्तपत्र संपादक रिबेका ब्रुक्स यांनी २०१२ साली लेव्हसन चौकशीत, म्हणजे ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाच्या चौकशीत, दिली होती. शोकसंदेशाखाली अशी अक्षरं गेली तर काय होईल, विचार करा.

लेव्हल_अप

ताई, आम्हा गेम खेळणाऱ्यांची बाजूही ऐका.

ऑनलाइन सामना सुरू होताना जीएलएचएफ लिहितात, 'गुड लक, हॅव फन'. समोर कोण आहे, कुठल्या देशातला आहे, काहीच माहीत नसतं. त्याला चार अक्षरांत सांगायचं, नशीब चांगलं असू दे, मजा कर. मला ही पद्धत फार आवडते. सामना संपल्यावर जीजी, 'गुड गेम'. जास्त आपुलकी दाखवायची तर जीजीडब्ल्यूपी, शेवटचं 'वेल प्लेड'. कुणी वरच्या पातळीवर गेलं की ग्रॅट्स किंवा नुसतं जीझेड. काँग्रॅट्सला पुन्हा छाटून केलेलं ग्रॅट्स!

पण याचे शिष्टाचार आहेत, आणि ते कडक आहेत. काही खेळांत हरणारा जीजी लिहितो आणि मगच बाहेर पडतो. म्हणजे ती हार मान्य केल्याची खूण. जिंकणाऱ्याने सामना चालू असतानाच जीजी लिहिलं तर तो सरळ अपमान. तीच दोन अक्षरं, फक्त अर्धा मिनिट आधी. आणि त्यापुढे 'ईझी' जोडलं तर भांडणच.

खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, एका सेकंदात जेवढं लिहिता येईल तेवढंच लिहिणार. तिथे कुणी 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर अचीव्हमेंट' लिहिलं तर उलट तेच विचित्र दिसेल.

रोखठोक

लेव्हल अप, छान लिहिलंस. जीएलएचएफबद्दल ऐकलं नव्हतं. अनोळखी माणसाला आधी शुभेच्छा देऊन मग खेळायला सुरुवात करायची, हे खरंच चांगलं आहे. यात घाई आहे पण हजेरी लावणं नाही. माझा आक्षेप एचबीडीच्या रांगेपुरता ठेवतो.

निळी_शाई

रोखठोक, त्या रांगेबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. अमेरिकेत शाळेचं वर्ष संपताना मुलं एकमेकांच्या इयरबुकवर, म्हणजे शाळेच्या वार्षिक आठवणींच्या पुस्तकावर, लिहितात, तिथेही असंच एक लघुरूप आहे, एचएजीएस, 'हॅव अ ग्रेट समर'. ज्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही सुचत नाही त्याच्या वहीवर हे लिहायचं, आणि वाचणाऱ्यालाही ते बरोबर कळतं.

पण जुनी_लिपी यांनी दाखवलेली वाट मला जास्त पटते. लघुरूपानंतर पुढे काय येतं ते बघावं. समजा एखाद्या मैत्रिणीने खूप वर्षांनी पुन्हा पोहायला सुरुवात केली आहे. तिला एचबीडी लिहिलं आणि थांबलं, तर ते तीनशे पासष्ट जणांना पाठवता येईल असं. 'एचबीडी! होप यू गॉट युअर मॉर्निंग स्विम' लिहिलं, तर सुरुवातीची तीन अक्षरं कुणालाही खटकणार नाहीत, कारण पुढचं वाक्य तिच्याशिवाय कुणालाच पाठवता येणार नाही. जास्तीचे पाच-सहा शब्द, बस. म्हणून लघुरूप टाळा असं मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. त्याच्यापुढे पूर्णविराम देऊ नका, एवढंच सांगते.

फाइलबंद

कामाच्या ईमेलबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे परदेशी ग्राहकांशी रोजचा पत्रव्यवहार. शेवटी कुणी 'बीआर' लिहितं, कुणी 'केआर', कुणी 'आरजीडीएस'. ब्रिटिश मंडळींकडून कधी 'एटीबी' येतं. यांना उत्तर देताना आपणही तसंच लिहायचं का?

निळी_शाई

बीआर म्हणजे बेस्ट रिगार्ड्स, केआर म्हणजे काइंड रिगार्ड्स, एटीबी म्हणजे ऑल द बेस्ट. दिवसातून दहा ईमेलची देवाणघेवाण चालू असेल तर चौथ्या-पाचव्या उत्तरात कुणी काही लिहिलं काय आणि नाही काय, फरक पडत नाही. पहिल्या ईमेलला मात्र पूर्ण 'काइंड रिगार्ड्स' किंवा 'बेस्ट विशेस' लिहा. शुभेच्छा देतोय असं म्हणायचं आणि ती पूर्ण लिहायलाही वेळ नाही, हे पहिल्या ओळखीत बरं दिसत नाही. छोटंच हवं असेल तर नुसतं 'बेस्ट' किंवा 'रिगार्ड्स' लिहा. हे पूर्ण शब्द आहेत आणि सर्वत्र चालतात. आरजीडीएस मला वैयक्तिकरीत्या नको वाटतं, त्यात स्वर काढून टाकलेत पण वाचलेली जागा नगण्य.

शंकेखोर

व्याकरणाची शंका. काँग्रॅट्स 'फॉर' की काँग्रॅट्स 'ऑन'? आणि वाढदिवस होऊन गेला असेल तर 'बिलेटेड हॅपी बर्थडे' की 'हॅपी बिलेटेड बर्थडे'?

निळी_शाई

ऑन. 'काँग्रॅट्स ऑन द न्यू जॉब', 'काँग्रॅट्स ऑन पासिंग'. आपण मराठीतून विचार करतो, अमुक 'बद्दल' अभिनंदन, म्हणून हाताला फॉर येतं. शेवटचा एसही सोडायचा नाही, नुसतं 'काँग्रॅट' असा शब्द नाही.

दुसऱ्याचं उत्तर : तर्काने पाहिलं तर उशीर शुभेच्छेला झालाय, वाढदिवसाला नाही, म्हणून 'बिलेटेड हॅपी बर्थडे' जास्त बरोबर. पण 'हॅपी बिलेटेड बर्थडे' इंग्रजी बोलणारे सर्रास म्हणतात, त्याला चूक म्हणू नका. नुसतं 'बिलेटेड' लिहून सोडून देणं मात्र टाळा, त्यात शुभेच्छाच उरत नाही.

जुनी_लिपी

याच प्रकारातला एक शब्द सुचवतो, 'गॉडस्पीड'. लोकांना वाटतं यात वेगाचा संबंध आहे. जुन्या इंग्रजीत स्पीड म्हणजे यश, भरभराट. देव तुला यश देवो, असं ते आखडलेलं वाक्य. लांबच्या प्रवासाला किंवा अवघड कामाला निघालेल्या माणसाला आजही म्हणतात. एका शब्दात बसतं आणि प्रसंगाचं वजनही पेलतं.

लघुलहरी

वा! आमच्या यादीत नव्हता, पण असायला हवा होता.

फाइलबंद

धागा वाचून लगेच उपयोगाचा प्रश्न विचारतो. आमच्या परदेशी ग्राहकाकडची एक बाई बढती मिळून दुसऱ्या विभागात चालली आहे. वयाने मोठी, तीन वर्षं कामाची ओळख, बोलणं मोकळं पण मर्यादेत. उद्या तिला लिहायचंय. काँग्रॅट्स की काँग्रॅच्युलेशन्स?

निळी_शाई

ती स्वतः तुम्हाला कसं लिहिते ते बघा. तिच्या ईमेलमध्ये 'चीअर्स', 'थँक्स अ मिलियन' असं येत असेल तर काँग्रॅट्स बेधडक लिहा. ती 'काइंड रिगार्ड्स'वाली असेल तर पहिल्या ओळीत पूर्ण काँग्रॅच्युलेशन्स, पुढे 'ऑन युअर प्रमोशन'. दुसऱ्या ओळीत तिने तुमच्यासाठी केलेलं एखादं नेमकं काम. आहे का असं काही?

फाइलबंद

आहे. गेल्या वर्षी आमचा माल अडकला होता तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी कागदपत्रं तपासून दिली होती.

निळी_शाई

मग तेच लिहा, इतक्याच साध्या शब्दांत. शेवटी 'ऑल द बेस्ट', पूर्ण.

फाइलबंद

लिहिलं, उद्या सकाळी पाठवतो. काँग्रॅच्युलेशन्सचं स्पेलिंग दोनदा तपासलं.